प्लॅस्टरमधल्या पायाने वाचलेल्या चार कादंबऱ्या
(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव." एसटीच्या कंडक्टरला असं सांगणं धोक्याचं असतं. नोकरीभर मी "पुढं सरका" आणि "सुटे द्या" यापलीकडे फारसं बोललेलो नाही. इथं कोणी कविता म्हणतील, कोणी परदेशच्या गोष्टी सांगतील. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. गेल्या पावसाळ्यात मी चार कादंबऱ्या वाचल्या, त्यांच्याबद्दल सांगतो. शेवटी एक मागणी आहे, तेवढी ऐकून घ्या.

निवृत्तीनंतरचा पहिलाच पावसाळा होता. अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. वीज गेली की मोबाइलही बंद. माझी पुतणी वाचनालयातून पुस्तकं आणायची. म्हणाली, "काका, आयुष्यभर लोकांना बसायला जागा करून दिली, आता जरा तुम्ही बसा."

पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ सालचं. बाई, तुम्ही आठवीत आम्हाला हे पुस्तक वाचायला सांगितलं होतं. तेव्हा मी "वाचलं" असं खोटं सांगितलं होतं. आज इतक्या वर्षांनी कबूल करतो आणि आता खरोखर वाचलंय हेही सांगतो.

गोष्ट साधी आहे. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो. पोरं मेंढरांमागं रानात, शाळा रिकामी. हळूहळू गाव त्याला आपला मानतं. मग दुष्काळ पडतो. मेंढरं घेऊन माणसं निघून जातात आणि गाव ओस पडतं. पुस्तकात कुठं आरडाओरडा नाही. शेवटची पानं वाचताना मला मात्र आपला सातवीचा वर्ग दिसायला लागला.

आठवतंय ना? दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरायची तेव्हा बाकं अर्धी रिकामी असायची. भात झोडून झालेलं, नागली-वरई घरात आलेली, ती किती दिवस पुरणार? मग उचल घेतलेली घरं वीटभट्टीवर निघायची. भिवंडी, वाडा, वसई. मी वर्गाचा मॉनिटर. गुरुजी नाव पुकारायचे आणि मी उभा राहून म्हणायचो, "भट्टीवर गेला, गुरुजी." काही दिवस हजेरीपटावर गैरहजेरी लागायची. मग त्या नावावर लाल रेघ यायची. त्यात गुरुजींचा काही दोष नव्हता, नियमच तसा होता. पण पुढच्या वर्षी माझा हजेरी क्रमांक दोनने वर सरकला, तेव्हा मला आनंद झाला होता. हे मात्र माझं आहे.

'बनगरवाडी'तल्या मास्तरला रिकामी शाळा पाहून वाईट वाटतं. मला तेव्हा वाटलं नव्हतं. ते वाटायला पाय मोडावा लागला.

दुसरं पुस्तक विश्वास पाटलांचं 'झाडाझडती'. याला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जाडजूड पुस्तक आहे. खरं सांगतो, मधली काही पानं मी उलटून गेलो. माणसं इतकी आहेत की कोण कुणाचा कोण हे लक्षात राहीना. पण खैरमोडे गुरुजी लक्षात राहिले. धरणासाठी गाव उठतं आणि उठलेल्या माणसांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजवायच्या, याची ही कादंबरी आहे. धरण बांधायला लागतात त्याहून जास्त वर्षं माणसं पुन्हा वसायला लागतात, हे त्यातून कळतं.

मी खोडाळा-मोखाडा मार्गावर बरीच वर्षं काढली. मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आपल्याच डोंगरांतल्या पाण्यावर भरतात. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच रस्त्यावर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागलेल्या मी गाडीतून बघितल्या आहेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, बायका हंडे बाजूला सरकवायच्या, गाडी पुढं जायची. 'झाडाझडती' वाचेपर्यंत धरण आणि हंडे या दोन गोष्टी मी एकत्र ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या. मुंबईत राहणारे आपले बरेच मित्र इथं बसले आहेत. त्यांना दोष देत नाही, माझी मुलगीही तिथंच राहते. पण नळ सोडताना एकदा आठवण काढा.

तिसरं पुस्तक कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. २०२३चा अकादमी पुरस्कार याला आहे. लहानसं पुस्तक, पण भाषा कोल्हापूरकडची. सुरुवातीला मला अडखळायला झालं. मग मोठ्यानं वाचायला लागलो तसं जमलं. इथंही गाव धरणामुळे उठलेलं. उठताना एक म्हैस मागं राहिलेली असते. तिला आणायला एक माणूस परत त्या उजाड गावाकडे जातो. एवढीच गोष्ट. पण म्हैस आता रानातली झालेली, तिला माणूस ओळखायचा नाही. आपण ज्याला मागं सोडलं ते आपली वाट बघत तसंच थांबलेलं असेल, असं जाणाऱ्याला वाटतं. ते तसं नसतं.

हे पुस्तक मी रात्री संपवलं आणि झोप लागली नाही. तो माणूस एका म्हशीसाठी डोंगर चढून गेला. आणि माझ्या बाकावर सातवीपर्यंत शेजारी बसलेला मुलगा, ज्याचं गणित बघून मी गणित लिहायचो, तो भट्टीवर गेल्यावर मी त्याच्यासाठी एकदाही गेलो नाही. त्याचं नाव इथं घेत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. तुमच्यातल्या काहींना कळलं असेलच.

एवढंच नाही. माझ्या गाडीतून अशी किती पोरं गेली असतील! दिवाळी झाली की गाडीत गाठोडी, पातेली, कोंबड्या आणि पोरं. मी विचारायचो, "पोर केवढं?" आई म्हणायची, "पाच व्हायचंय अजून." पोर दिसायचं सात-आठ वर्षांचं. कधी मी अर्धं तिकीट फाडायचो, कधी कानाडोळा करायचो आणि मनात म्हणायचो, मी किती चांगला माणूस आहे. "शाळेचं काय?" हे मी एकदाही विचारलं नाही. ते तिकिटाच्या ट्रेमध्ये बसणारं नव्हतं.

प्लॅस्टर निघालं आणि काठी घेऊन मी त्याच्या पाड्यावर गेलो. पावसाची उघडीप होती. रविवार होता, धबधब्याकडे मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागली होती. तो ओटीवर दोरी वळत बसला होता. त्यानं मला लगेच ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलला, "मॉनिटर, पायाला काय झालं?"

दोन तास बसलो. भट्टीवर तो विटांचा हिशेब ठेवायचा, मुकादमाला त्याचा हिशेब कधी खोडून काढता आला नाही म्हणे. मी पिशवीतून 'बनगरवाडी' काढून शेवटचं प्रकरण त्याला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मेंढरं घेऊन गेलेले परत आले का?"

मी म्हणालो, "पुस्तक तिथंच संपतं."

तो म्हणाला, "आले असतील. पाऊस पडला की येतात."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. पुस्तक वाचताना मी गावात थांबलेल्या मास्तरच्या जागी होतो. हा निघून गेलेल्यांच्या बाजूनं ऐकत होता. मला जिथं शेवट दिसला, तिथं त्याला फक्त उन्हाळा दिसला.

म्हणून चौथं पुस्तक सांगून थांबतो. नजूबाई गावित यांची 'तृष्णा'. धुळ्याकडच्या आदिवासी घरात वाढलेल्या बाईनं स्वतःच्या जगण्यावरून लिहिलेली कादंबरी. भूक, मजुरी, आईचे कष्ट. आधीची तिन्ही पुस्तकं मोठी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण 'तृष्णा' वाचताना प्रथमच असं वाटलं की जी निघून जाते तीच बोलते आहे. आपल्या जव्हार-मोखाड्याची अशी कादंबरी माझ्या हाती अजून लागलेली नाही. ती मी लिहू शकणार नाही, कारण मी गाडीत तिकिटाच्या बाजूला उभा होतो. ती ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण बोलावलं पाहिजे.

आता मागणी. आजच्या मेळाव्याची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. पाय मोडायच्या आधीच मी ती १९८३च्या दहावीच्या निकालावरून करून ठेवली. सोपं होतं. त्या दिवशी मी त्याला मेळाव्याचं सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "माझी दहावी कुठं झालीय? मी तुमच्यात कसा?" मी बराच आग्रह केला. तो आलेला नाही, ही मागची खुर्ची मी त्याच्यासाठी धरून ठेवली होती.

मित्रांनो, हजेरीपटावर लाल रेघ मारायला मी एकदा साथ दिली आणि त्याच नावांवर या वर्षी यादी करताना दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा नको. पुढच्या मेळाव्याची यादी निकालावरून न करता शाळेच्या दाखल-नोंदवहीवरून करू या. जो एक दिवस जरी आपल्या वर्गात बसला, तो आपला. आणि मेळावा जानेवारीत नको, तेव्हा अर्धा तालुका भट्टीवर असतो. आवणी आटोपली की घेऊ. रस्ता चिखलाचा असेल, शहरातल्यांच्या गाड्या रुततील. रुतू देत. ढकलायला तेव्हा घरोघरी माणसं असतील.

पाड्या-पाड्यांवर जाऊन निरोप द्यायचं काम मी घेतो. रस्ते मला पाठ आहेत.