वाळवंटातला तारणहार : पुस्तकातला आणि पडद्यावरचा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी अमेरिकन विज्ञानकादंबरीचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कादंबरी आणि चित्रपट यांचे नाते हे मुळात भाषांतराचे नाते आहे. एका भाषेतले दुसरीत नेताना काय सांडते आणि काय नव्याने हाती लागते, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. शिवाय आपल्यातील अनेक तरुणांना ही कथा केवळ पडद्यावरून ठाऊक आहे. पडद्याने त्यांच्या हाती नेमके काय ठेवले, हे पाहणे शिक्षकाच्या कामातच मोडते.

मी बोलणार आहे ते फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या कादंबरीमालेविषयी. पहिली कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने निघाली. वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली होती. अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने ती छापली. १९८६ साली निधन होण्यापूर्वी हर्बर्ट यांनी मालेतील सहा कादंबऱ्या पूर्ण केल्या. कथेचे बीज ओरेगॉन राज्यातील समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आहे. सरकणारी वाळू गवत लावून कशी थोपवतात, यावर लेख लिहिण्यासाठी हर्बर्ट तिथे गेले होते. तो लेख कधी प्रसिद्ध झाला नाही. त्यातून एक संपूर्ण ग्रह मात्र जन्मास आला.

कथा थोडक्यात अशी. अराकिस हा निर्जल ग्रह. तेथे मिळणाऱ्या ‘मसाल्या’वाचून ग्रहाग्रहांमधील प्रवास अशक्य आहे. ग्रहाचा कारभार अट्रीडिझ घराण्याकडे येतो आणि थोड्याच दिवसांत घराण्याचा प्रमुख कपटाने मारला जातो. त्याचा मुलगा पॉल आणि पॉलची आई जेसिका वाळवंटातील फ्रेमेन लोकांच्या आश्रयास जातात. फ्रेमेन एका तारणहाराची वाट पाहत असतात. तो आपणच आहोत असे पॉल त्यांना मानू देतो आणि त्यांच्या बळावर सम्राटाला नमवतो.

एवढेच ऐकले, तर ही वनवासाची आणि राज्यप्राप्तीची ओळखीची कथा वाटते. हर्बर्ट यांना अभिप्रेत होते ते नेमके उलट. तारणहाराविषयीची ती भविष्यवाणी बेने गेसेरिट नावाच्या भगिनीसंघाने पुष्कळ आधी त्या समाजात मुद्दाम पेरून ठेवलेली असते. जेसिका ती ओळखते आणि स्वतःच्या व मुलाच्या रक्षणासाठी वापरते. आपल्या नावाने उद्या जे धर्मयुद्ध पेटणार आहे, ते पॉलला आधीच दिसत असते. तरीही त्याची पावले त्याच वाटेने पडतात. अलौकिक नेत्याच्या हाती आपली बुद्धी सोपवणाऱ्या समाजाचे काय होते, हा या मालेचा विषय आहे.

हे सांगण्यासाठी हर्बर्ट यांनी जी रीत योजली, ती सर्वस्वी कादंबरीची आहे. निवेदक प्रत्येक पात्राच्या मनात शिरतो. एकाच प्रसंगात बोलणाऱ्याचे शब्द, त्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याचा संशय या तिन्ही गोष्टी वाचकाला कळतात. राजकन्या इरुलान हिच्या ग्रंथांतील उतारे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येतात. म्हणजे घटना घडण्यापूर्वीच तिचा इतिहास झालेला असतो. घरचा वैद्य फितूर आहे हेही वाचकाला आधीच सांगितले जाते. ‘पुढे काय?’ हे कुतूहल अशा रीतीने मागे पडते आणि ‘हे टळले का नाही?’ हा प्रश्न पुढे येतो.

कॅमेऱ्याला मन दिसत नाही, चेहरा दिसतो. सगळी अडचण इथून सुरू होते.

१९८४ साली डेव्हिड लिंच यांनी ही कादंबरी सव्वादोन तासांच्या एका चित्रपटात बसवली. पात्रांचे विचार त्यांनी कुजबुजत्या आवाजात ऐकवले. पुस्तकाशी इमान राखण्याचाच तो प्रयत्न होता; परंतु पानावर जे सूक्ष्म वाटते ते कानाला वारंवार थांबवणारे झाले. त्याहून गंभीर आहे तो शेवट. पॉल विजयी होतो आणि अराकिसवर पाऊस कोसळतो. दृश्य भव्य आहे. पण कादंबरी वाचलेला माणूस तिथे दचकतो. कारण मसाला निर्माण होतो तो वाळूतील महाकाय कृमींच्या जीवनचक्रातून, आणि त्या कृमींना पाणी हे विष आहे. ग्रह हिरवा करण्याची फ्रेमेनांची योजना काही शतकांची आहे, आणि तिची किंमत काय पडेल हा पुढील कादंबऱ्यांचा प्रश्न आहे. चित्रपटाने तो प्रश्न एका चमत्काराने पुसून टाकला आणि खोट्या भविष्यवाणीला खरी ठरवले. घटना बहुतेक पुस्तकातल्या, आणि अर्थ पुस्तकाच्या विरुद्ध.

२००० साली जॉन हॅरिसन यांनी दूरदर्शनासाठी तीन भागांची मालिका केली. पैसा बेताचा, वाळवंट बव्हंशी स्टुडिओत रंगवलेले. ते नाटकाच्या पडद्यासारखे दिसते. पण साडेचार तासांच्या अवकाशात राजकारण उलगडायला जागा मिळाली. पुस्तकात बहुतांशी उताऱ्यांतून भेटणारी इरुलान इथे आरंभापासून वावरते आणि विचार करते. २००३ साली याच मालिकेच्या पुढील भागात दुसरी व तिसरी कादंबरी एकत्र आली आणि पॉलच्या विजयाचे कडू फळ पडद्यावर प्रथम दिसले. देखणेपणात उणी असलेली ही मालिका आशयाच्या बाबतीत मात्र प्रामाणिक आहे.

दनी विल्नव यांनी पहिल्या कादंबरीचे दोन चित्रपट केले, २०२१ आणि २०२४ साली. त्यांनी मनातले बोल काढून टाकले. शांतता, हातांच्या खुणांची भाषा आणि माणसाला मुंगीएवढे करणारे वाळवंट यांवर त्यांनी भिस्त ठेवली. यात पुष्कळ गमावलेही. विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मानवाने कधीकाळी बंड केले, म्हणून या जगात संगणक नाहीत आणि माणसेच गणकयंत्राचे काम करतात, ही कादंबरीतील कल्पना चित्रपटांत जवळजवळ हरवली आहे. यंत्रबुद्धीची चर्चा घरोघर चालू असताना ही उणीव अधिकच जाणवते.

मात्र एक बदल मला फार मोलाचा वाटतो. कादंबरीतील चानी ही पॉलची निष्ठावंत सहचरी आहे. पॉल राजकारणासाठी इरुलानशी विवाह ठरवतो तेव्हा ती जवळच राहते. इतिहास आम्हांलाच खरी पत्नी मानील, अशा अर्थाच्या जेसिकेच्या सांत्वनावर कादंबरी संपते. २०२४ च्या चित्रपटातील चानी या भविष्यवाणीवर विश्वासच ठेवत नाही. सारे गुडघे टेकतात तेव्हा ती उभी राहते आणि शेवटी एकटी वाळवंटात निघून जाते. हा प्रसंग पुस्तकात कुठेही नाही. तरीही पॉलच्या मनात चालणारा जो संशय पडद्यावर दाखवता येत नव्हता, त्याला दिग्दर्शकाने चानीचा चेहरा दिला. इथे शब्द मोडला आहे आणि अर्थ राखला आहे.

हा बदल का आवश्यक होता, याचे उत्तर मालेच्याच इतिहासात आहे. पहिल्या कादंबरीच्या असंख्य वाचकांनी पॉलला नायक म्हणूनच डोक्यावर घेतले. हर्बर्ट यांनी १९६९ साली ‘ड्यून मसाया’ लिहिली. तीत धर्मयुद्धाने ६१ अब्ज माणसे मेली आहेत, आणि स्वतः पॉल तो हिशेब मांडतो. पहिली कादंबरी ‘अॅनालॉग’ मासिकातून क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्बेल यांनी ही दुसरी नाकारली. त्यांना पराक्रमी नायक हवा होता. ती ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकात आली. म्हणजे नायकाच्या मोहात केवळ कॅमेराच सापडतो असे नव्हे. जाणता संपादकही सापडतो, आणि तुम्ही-आम्ही वाचकही.

म्हणून ‘पुस्तक बरे की चित्रपट?’ या प्रश्नाने आपण फार दूर जात नाही. किती प्रसंग गाळले, कोणाचे नाव बदलले, याची यादी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभते. विचारायचे ते असे, की मूळ कृतीने जी अस्वस्थता दिली ती रूपांतराने शिल्लक ठेवली का? लिंच यांच्या पावसात ती वाहून गेली. हॅरिसन यांच्या रंगवलेल्या वाळवंटात ती टिकली. विल्नव यांच्या चानीने ती आपल्यासोबत नेली.

तरुण मित्रांना माझी विनंती एवढीच आहे, की चित्रपट पाहिला असेल तर पुस्तक अवश्य उघडा आणि पहिल्या भागावर थांबू नका. ज्या नेत्याच्या जयघोषात आपण पडद्यासमोर टाळ्या वाजवल्या, त्याच्याविषयी लेखकाचे म्हणणे दुसऱ्या भागात आहे. टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत राहूनही स्वतःच्या बुद्धीने पाहणे हे शाळेने शिकवायचे असते. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांनी आयुष्यभर तेच शिकवले.