सूर्याची चूल आणि शाळेचे अंगण



'ऊर्जेची साधने' हा धडा आपण दरसाल शिकवतो. सूर्य, वारा, शेण, वाहते पाणी ही नावे मुले घडाघडा म्हणून दाखवतात. पण उन्हातून उष्णता किती मिळते, असे विचारा बरे! वर्ग गप्प. ज्या उन्हात आपण पापड-कुरडया वाळवतो, ते मोजून पाहण्याचे मात्र राहूनच जाते.

त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एकात एक बसतील असे पुठ्ठ्याचे दोन खोके घ्या. मधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा. आत तळाशी काळा रंगवलेला पत्रा ठेवा आणि वर काच बसवा. काचेच्या कडांना तेवढी चिकटपट्टी लावा. झाली सूर्यचूल! ऊन काचेतून आत शिरते, काळा पत्रा ते शोषून तापतो, आणि ती उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही.

आता फळ्यावर गणित मांडा. निरभ्र दिवशी भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. आपली काच अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. म्हणजे २५० वॅट. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २,९४,००० जूल लागतात. भागाकार केला की येतात वीस मिनिटे.

मग मुलांना अंगणात न्या. वीस मिनिटे होतात, तरी पाणी उकळायचे नाव नाही. "गुरुजी, गणित चुकलं!" असा गलका होईल. त्यांना सांगा, गणित बरोबर आहे. बाकीची उष्णता गेली कुठे, ते शोधा. कोणी फटीपाशी हात धरील, कोणी म्हणेल काचच तापलीय, कोणी दुसरी काच बसवू पाहील. घरी चूल फुंकणाऱ्या मुलीला तर हे सर्वांआधी उमगेल. अभियांत्रिकी म्हणजे तरी याहून निराळे काय असते?

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या याच विचारावर. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात शाळेतील मुले आठवड्यातला एक दिवस सुतारकाम, जोडकाम, शेती, ऊर्जा अशा कामांत घालवतात, आणि गावातला कसबी कारागीर त्यांना शिकवतो.

आज शेतात सौरपंप आले, चौकात सौरदिवे आले. त्यातला एखादा बंद पडला, की गाव तालुक्याच्या माणसाची वाट पाहत बसते. कधी नुसती पॅनेलवरची धूळ नडलेली असते. विजेच्या जोडणीला जाणत्यानेच हात लावावा, हे खरे; पण बिघाड कुठे असेल याचा अंदाज बांधणारी चार मुलेमुली गावात असली, तर गावाची ही लाचारी बरीच कमी होईल.

तेव्हा येत्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा प्रयोग करून पाहाच. चुलीतला भात कच्चा राहिला तर मनाला लावून घेऊ नका. तो का राहिला, ते मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्या.