चैत्रात बी धरू द्या

(मालेगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘घरची बाग : वसंतातली कामं’. पाणी किती घालावं, कुंडीत काय भरावं, खत कुठलं टाकावं हे ऐकायला तुम्ही आला असाल. ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक मुद्दा मांडतो, कारण तो पटला नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

बागकामाची जी पुस्तकं आणि चित्रफिती आपण पाहतो त्यातल्या बऱ्याचशा थंड मुलखातल्या. तिकडे बर्फ वितळतं, माती मोकळी होते आणि मग पेरणी सुरू होते. त्यांचा वसंत म्हणजे सुरुवात. आपल्याकडे गिरणा-मोसमच्या काठी चैत्र उजाडतो तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. थंडीत लावलेली मेथी फुलावर आलेली, कोथिंबीर ताटारलेली, मुळ्याला डिंगऱ्या धरलेल्या. आपण काय करतो? ‘जून झालं’ म्हणतो, सगळं उपटतो, कुंड्या पालथ्या घालतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तर धीरच निघत नाही. मेथीला पहिलं फूल दिसलं की संध्याकाळी जुडी परातीत! (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक भाजीचं एक तरी झाड ठेवा. ते फुलू द्या, वाळू द्या, बी धरू द्या. आपल्या भागात घरच्या बागेचं वसंतातलं पहिलं काम हेच. आणि बागेतून शिकायचं असेल तर तेही इथेच, फूल आणि बी यांच्या मधल्या दिवसांत.

आपल्या सगळ्यांच्या मुलांनी शाळेत मटकीला मोड आणलेत. ओल्या कापडात मटकी ठेवायची, दुसऱ्या दिवशी मोड, वहीत चित्र. उत्तम. पण ती मटकी मुळात शेंगेत कशी भरली, हे किती मुलांनी पाहिलंय? बी रुजताना सगळे पाहतात, तयार होताना कोणी पाहत नाही. त्यामुळे मुलाला वाटतं की बी दुकानातून येतं.

आता कांद्याचं सांगतो. कांद्याचं सांगायला मला या गावात संकोच वाटायला हवा, समोर निम्मे आपल्या कसमादे भागातले कांदा पिकवणारे शेतकरी बसलेत. (हशा) तरी ऐका, कारण मी शेतातल्या नाही, डब्यातल्या कांद्याबद्दल बोलतोय.

मोसम पुलापलीकडे एका गल्लीत खाली माग आणि वर राहतं घर. तिथली मुलगी माझ्याकडे शिकायला यायची. स्वयंपाकघरातल्या एका कांद्याला कोंब आला होता. तिने तो दिवाळीनंतर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला. पात आली, आईने दोनदा कापून डाळीत घातली. थंडी पडली, आणि माघात त्या पातीतून दोन पोकळ दांडे वर सरकले. डोंगळे! आईला वाटलं कांदा वाया गेला, उपटून टाकू. मुलगी अडून बसली.

कांदा हे दोन हंगामांचं झाड. पहिल्या हंगामात तो पोसतो, दुसऱ्या हंगामात थंडी अंगावरून गेली की फुलतो. दांड्याच्या टोकाला पांढरा गेंद येतो, त्यात शेकडो बारीक फुलं. सगळी एकदम उमलत नाहीत. आज ही, उद्या ती, असं कित्येक दिवस चालतं. शिवाय एकाच फुलात पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे त्या फुलाला स्वतःच्या परागाचा फारसा उपयोग नाही. पराग दुसरीकडून यायला हवा, आणि तो आणते मधमाशी.

हे मी तिला सांगितलं. तिला पटेना. ‘सर, इथे दिवसभर माग चालतात, माशी कशाला येईल?’ मी म्हटलं, बघ. तिने काय केलं असेल? खाली मागावर पातळ कापड होतंच. त्याचा तुकडा घेऊन तिने एक डोंगळा झाकून टाकला, दुसरा उघडा ठेवला. आणि रोज सकाळी शाळेला जायच्या आधी वहीत लिहून ठेवायची : कोण आलं, केव्हा आलं. मधमाश्या आल्या, मागांच्या खडखडाटात आल्या. ऊन चढलं की कमी व्हायच्या. माश्यांचेच दोन-तीन प्रकार तिने चित्रं काढून वेगळे केले होते.

चैत्राच्या अखेरीस बोंडं वाळली. कांद्याच्या बोंडाला तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बिया, म्हणजे फार तर सहा. उघड्या डोंगळ्याची बोंडं फुटून काळं बी डोकावू लागलं. झाकलेल्याचं कापड सोडलं तर बोंडं बहुतेक पोचट, बी मोजकंच. दोन्हीकडचं बी तिने दोन कागदांवर ओतून माझ्यापुढे ठेवलं. एका कागदावर चमचाभर काळंभोर, दुसऱ्यावर चिमूटभर. पाठ्यपुस्तकातला परागीभवनाचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. त्या दोन कागदांनी जे शिकवलं ते माझ्या फळ्याने कधीच शिकवलं नसेल, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. (टाळ्या)

पुढच्या रांगेतून विचारणा होतेय : ‘आम्ही घरचंच उळं, म्हणजे कांद्याचं बी, धरतो, त्यात नवल काय?’ बरोबर आहे, दादा. कसमादेत घरचे डोंगळे लावणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि लाल-पांढरा जवळ लावला तर भेसळ होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझा प्रश्न एकच : तुमची मुलं त्या वेळी वावरात असतात का? डोंगळ्यावर माशी बसते तेव्हा मुलगा शिकवणीला. डोंगळे खुडायचे, तेव्हा त्याची परीक्षा.

हा माझा खरा राग आहे, तो बोलून दाखवतो. शाळांमधून परसबागा झाल्या, पोषण आहारात त्यातली भाजी शिजते, फार चांगली गोष्ट आहे. पण शाळेचं वर्ष आणि झाडाचं वर्ष यांचा मेळच नाही. रब्बीचं बी पिकतं मार्च-एप्रिलमध्ये; तेव्हा मुलं परीक्षेत, मग सुट्टीत. जूनमध्ये ती परत येतात तेव्हा कुणीतरी बियांचं पाकीट हातात देतं. अर्धं चक्र कायमचं त्यांच्या डोळ्यांआड राहतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळा कुरणात गेली. तेवढं धाडस नको. सुट्टीत पाच मुलांना पाच वाळत्या झाडांची राखण द्या, एवढंच मी मागतोय.

आता कोणी म्हणेल, हल्ली पाकिटातलं बी संकरित असतं, ते धरून काय करणार? धरा! संकरित टोमॅटोचं बी धरून पेरलं की पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. कुणाचं फळ लहान, कुणाचं मोठं. शेतकऱ्याला ते परवडणार नाही, मान्य. पण मुलासाठी ती पर्वणी आहे. ब्रनोच्या मठातल्या मेंडेलने दुसरं काय केलं? मठाच्या बागेत, १८५६ पासून पुढची सात-आठ वर्षं, वाटाणे लावले आणि बी मोजलं. एका प्रयोगात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी त्याने हे गावातल्या निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळापुढे वाचून दाखवलं. जगाला त्याचं मोल कळायला १९०० साल उजाडलं. आनुवंशशास्त्राचा पाया एका बागेत घातला गेला, आणि तो घालणाऱ्याने शेंगा खुडून भाजी केली असती तर...! (हशा)

एवढ्या लांबही जायला नको. शेजारच्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कोंभाळणे. तिथल्या राहीबाई पोपेरे. शाळेचं तोंड पाहिलं नाही, परसात वाल, घेवडे, भाज्या लावल्या आणि गावरान बी धरून ठेवलं. बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून आपण त्यांचा सत्कार करतो. सत्कार करणं सोपं आहे. त्यांनी जे केलं त्याची सुरुवात परसात झाली, आणि परस आपल्यापैकी अनेकांना आहे. ज्यांना नाही त्यांना पत्रा आहे, जिना आहे, खिडकी आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला. पण बी राखायची सवयच मोडली तर तो हक्क कागदावरच राहणार.

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मग कुंडी, माती, खत राहिलंच. त्यासाठी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचा. गणिताचा प्राध्यापक, पण गच्चीवरच्या शेतीचं एवढं खोल काम दुसऱ्या कुणाचं मला ठाऊक नाही. आज एवढंच सांगतो : या दिवसांत कुंडीतली माती उघडी ठेवू नका. रसवंतीवरचं उसाचं चिपाड सध्या हवं तेवढं मिळतं, ते वाळवून तुकडे करून वर पसरा. वापरलेलं पाणी त्यावर ओतायला हरकत नाही, मात्र साबणाचं नको. दुपारी सावली हवी, जुनी साडी बांधली तरी चालते.

बी धरण्याबद्दल : वांगं झाडावर पिवळं होऊ द्या. मेथी-कोथिंबीर सकाळी कापा, उन्हात बी गळतं. सावलीत वाळवा, राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, कोरड्या बरणीत ठेवा. कांद्याचं बी त्याच वर्षी वापरा, ते फार टिकत नाही.

आणि दोडका जरूर लावा. गिलकं पहाटे फुलतं, दोडका संध्याकाळी. दिवेलागणीला मुलांना घेऊन वेलाखाली उभे राहा. नर फूल कुठलं, मागे इवलासा दोडका असलेलं मादी फूल कुठलं, हे त्यांचं त्यांना ओळखू द्या. माशी आली नाही तर नर फूल खुडून मादी फुलाला टेकवायचं. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आळं करून वेलाच्या बिया लावायची आपली जुनी चाल. मी माझ्या वेलावरचे वाळलेले दोडके आणलेत, ते तिथे टेबलावर आहेत. जाताना प्रत्येकाने चार-चार बिया घ्या. फुकट नाहीत, अट आहे : पुढच्या चैत्रात एक दोडका वेलावर वाळवायचा आणि याच टेबलावर आणून ठेवायचा. रांग उजवीकडून लावा, आणि लहान मुलांना पुढे सोडा.