विद्यापीठाच्या मांडवात आपली जागा

 

आज बोलायचं आहे विद्यापीठातल्या गाण्यांच्या, भाषणांच्या, नाटकांच्या कार्यक्रमांबद्दल. तुम्ही म्हणाल, विद्यापीठ म्हणजे पोरापोरींच्या परीक्षेचं आणि निकालाचं ठिकाण, तिथं आपलं काय काम? नांदेडजवळ विष्णुपुरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आपल्यापैकी कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. त्याच विष्णुपुरीत आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. दवाखान्याची वाट आपल्याला पाठ आहे. पण गाणं ऐकायला, भाषण ऐकायला म्हणून विद्यापीठात गेलेल्या बाया फार थोड्या.

हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. १७ सप्टेंबर ही तारीख आपल्या ओळखीची आहे. १९४८ साली याच दिवशी मराठवाडा निझामाच्या राजवटीतून सुटला. त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, त्यांचंच नाव विद्यापीठाला आहे.

निझामाच्या राज्यात जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. तसा हुकूमच होता, त्याला ‘गश्ती निशान ५३’ म्हणत. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, पण तिथलं शिक्षण उर्दूतून होतं. म्हणजे मांडवात बसून आपल्या भाषेत चार विचार ऐकणं, हेही आपल्याकडं लढून मिळालेलं आहे. त्या लढ्यात घरोघरच्या बायांनी भाकरी पोचवल्या, निरोप पोचवले. मग त्यांच्या लेकीसुनांनी मांडवाच्या बाहेर का उभं राहायचं?

आता तिथं असतं काय ते सांगते. दरवर्षी विद्यापीठाचा युवक महोत्सव होतो. कॉलेजची मुलंमुली लोकगीत, लोकनृत्य, पोवाडा, भाषण, एकांकिका, रांगोळी अशा स्पर्धांत उतरतात. तिथं निवडलेली मुलं पुढं राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला जातात. शिवाय वर्षभर कुठं ना कुठं व्याख्यानं असतात. मराठवाडा मुक्तिदिन, सावित्रीबाईंची जयंती, बाबासाहेबांची जयंती, महिला दिन, अशा दिवशी जवळच्या कॉलेजातही काहीतरी असतंच.

“आम्हाला भाषणातलं काय कळणार?” असं म्हणू नका. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर गुरुजी मोठे विद्वान होते, पण त्यांची व्याख्यानं ऐकायला साधी माणसं गर्दी करत. कीर्तन ऐकून ऐकून आपले कान तयार झालेले आहेत. तीन तास कीर्तनाला बसणाऱ्या बाईला एक तासाचं व्याख्यान जड नाही. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही एका कॉलेजच्या मैदानावर. एवढं मोठं संमेलन आपल्या तालुक्याच्या गावी येऊ शकतं, तर आपणही तिथपर्यंत जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. युवक महोत्सवात मुली जे लोकगीत गातात, ते येतं कुठून? जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी, पाळणे, आराध्यांची गाणी, तांड्यावरची लेंगी. हे सगळं आपल्या आज्यांकडून आलेलं आहे. नात आजीजवळ बसून गाणं उतरवून घेते, मंचावर गाते, बक्षीस आणते. चांगलंच आहे. पण त्या आजीचं नाव मंचावरून कुणी घेतं का? “पारंपरिक गीत” एवढं सांगितलं की झालं. आजी घरीच असते.

असं नाव राखता येतं, हे आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि तिचं गाव टिपून ठेवलं. म्हणून आज माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी गायलेल्या ओव्या त्यांच्या नावानिशी ऐकायला मिळतात. ओवी राहिली आणि ओवी गाणारी बाईही राहिली. म्हणून तुमच्याकडं कुणी गाणं उतरवून घ्यायला आलं तर आनंदानं सांगा, पण एवढं म्हणा, “बाळा, खाली माझं नाव आणि गाव लिही. मंचावर गाशील तेव्हा तेही सांग.”

कार्यक्रमाला जायचं कसं, ही अडचण खरी आहे. संध्याकाळचा कार्यक्रम, शेवटची एसटी लवकर, घरी स्वयंपाक, वर माणसांची परवानगी. एकटीनं हे सुटत नाही, गटानं सुटतं. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. गटाच्या नावानं जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र द्या, “आम्ही इतक्या जणी येणार, दुपारचा कार्यक्रम कोणता आहे ते कळवा, बसायची सोय करा.” तिकीट आहे का, तेही आधीच विचारा. दहा-बारा जणींनी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो आणि रात्रीची भीतीही राहत नाही. कॉलेजात शिकणारी गावातली एखादी पोरगी सोबत घ्या, तिला सगळं ठाऊक असतं.

आणि जाणं जमतच नसेल तर कार्यक्रमच गावात आणा. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, सात दिवसांचं शिबिर गावात होतं. मुलं दिवसा श्रमदान करतात, मग व्याख्यान असतं, रात्री गाणी-नाटकं असतात. आपल्या गावात शिबिर घ्या, असं ग्रामपंचायतीमार्फत कॉलेजला कळवता येतं. शिबिर आलं की त्यातली एक रात्र गावातल्या बायांच्या गाण्यांसाठी मागून घ्या. मुलं खाली बसतील, आजी मंचावर बसेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दोन कामं करा. आपल्या गटात कुणाकुणाला जुनी गाणी येतात, त्यांची नावं एका वहीत लिहा. आणि जवळच्या कॉलेजात यंदा कोणता कार्यक्रम आहे, ते विचारायची जबाबदारी एकीला द्या. तुमच्या वहीत किती नावं झाली, ते आम्हालाही कळवा.