पाठ फिरविलेला पाठीराखा



क्रीडाविषयक भाषणांत बहुधा खेळाडूंचे कौतुक होते. कोणी किती गोल केले, कोणी चषक जिंकला, याची वर्णने आपण आवडीने ऐकतो. परंतु मैदानाच्या कडेला उभा राहून, पदरचे पैसे खर्चून, उन्हापावसात घसा कोरडा करणारा जो पाठीराखा, त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. खेळाडू दहापंधरा वर्षांत निवृत्त होतो. पाठीराख्याला निवृत्ती नसते. बालपणी एकदा एका संघाशी नाते जडले, की ते जन्मभराचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. असे नाते पुढे तुटते काय? तुटत असल्यास कशाने तुटते? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? संघ हरू लागला, की माणसे पांगतात. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. ते खरे का नाही, हे समजण्यासाठी इंग्लंडातील ब्लॅकपूल या गावाच्या फुटबॉल क्लबाची कथा पाहावी.

ब्लॅकपूल हे लँकेशायर परगण्यातील समुद्रकाठचे गाव. कापडगिरण्यांत वर्षभर राबणारी कुटुंबे सुट्टीचे चार दिवस हवापालटासाठी येथे येत. समुद्रात शिरलेले तीन लांबच लांब धक्के आणि १८९४ साली उभारलेला उंच लोखंडी मनोरा ही या गावाची ओळख. क्लबाची स्थापना १८८७ सालची. त्याच्या खेळाडूंचा पोशाख नारिंगी रंगाचा आणि मैदानाचे नाव ब्लूमफील्ड रोड.

या क्लबाचा सुवर्णदिन म्हणजे २ मे १९५३. इंग्लंडच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलची बोल्टनशी गाठ पडली. अडतीस वर्षांचा विख्यात खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज हा १९४८ आणि १९५१ या दोन्ही अंतिम सामन्यांत पराभूत झालेला होता. याही वेळी ब्लॅकपूल १–३ असे मागे पडले. पण मॅथ्यूजने उजव्या कडेने चेंडू पुढे नेण्याचा असा सपाटा लावला, की अखेरीस ब्लॅकपूलने ४–३ असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे होते; तरीही लोकांनी त्या सामन्याला मॅथ्यूजचेच नाव दिले.

आता त्या दिवशी आठ वर्षांचा असलेला एक मुलगा कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. घरच्या रेडिओभोवती सर्व मंडळी जमलेली आहेत आणि शेवटच्या गोलाबरोबर वडिलांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले आहे. पुढच्या हंगामापासून तो वडिलांचे बोट धरून ब्लूमफील्ड रोडवर जाऊ लागला. शनिवारी तीन वाजता सामना, पाच वाजता रेडिओवर देशभरचे निकाल आणि सोमवारी शाळेत त्यांची चर्चा, असा त्याच्या आठवड्याचा क्रम ठरून गेला. असे पाठीराखे त्या गावात हजारो होते. या एकाच्या आयुष्यावरून त्या सर्वांचे मन कळण्यासारखे आहे.

इंग्लंडातील फुटबॉलच्या व्यवस्थेत श्रेणींची उतरंड असते. हंगामाच्या शेवटी तळाचे संघ खालच्या श्रेणीत उतरतात आणि खालच्या श्रेणीतील यशस्वी संघ वर चढतात. १९७१ साली ब्लॅकपूल सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरले. घसरण तेथेच थांबली नाही. १९८१ साली ते चौथ्या श्रेणीपर्यंत येऊन पोहोचले. आपला पाठीराखा तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. सर्वोच्च श्रेणीत परत येण्यास क्लबाला एकंदर एकोणचाळीस वर्षे लागली. माणसाचे सारे उमेदीचे वय त्यात निघून जाते. या काळात प्रेक्षकांची गर्दी रोडावली हे खरे. पण जे पाठीराखे उरले त्यांचा जिव्हाळा आटला नाही. उलट, दारिद्र्यात एकत्र दिवस काढलेल्या भावंडांत जो ओलावा असतो, तोच त्यांच्यात आला. पराभवाने प्रेम आटत असते, तर ते याच काळात आटावयास हवे होते.

२२ मे २०१० रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ब्लॅकपूलने कार्डिफचा ३–२ असा पराभव केला आणि हा लहानसा क्लब प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला. इअन हॉलोवे या मार्गदर्शकाच्या हाताखाली संघ बेधडक खेळला. लिव्हरपूलसारख्या मातबर संघाला त्याने त्याच्या मैदानावर आणि आपल्या मैदानावर, असे दोन्ही वेळा हरविले. तथापि अखेरच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडकडून २–४ अशी हार पत्करावी लागली आणि अवघ्या एका वर्षात ब्लॅकपूल पुन्हा खाली आले. त्या दिवशी पाठीराखे रडले. पण संघावर कोणी रागावले नाही. आपली मुले जिवाच्या कराराने लढून हरली, एवढेच प्रत्येकाच्या मनात होते.

खरी कथा येथून पुढे सुरू होते. प्रीमियर लीगमधील त्या एका हंगामाने क्लबाच्या तिजोरीत पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा आणला. त्यातून संघ बळकट होईल, सरावाची जागा सुधारेल, अशी लोकांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. क्लबाची मालकी मुख्यतः ओवेन ऑयस्टन या उद्योगपतीच्या कुटुंबाकडे होती आणि क्लबाचा पैसा त्यांच्या इतर कंपन्यांकडे वळू लागला. २०१४ च्या जुलै महिन्यात, हंगाम तोंडावर आला असताना, क्लबाशी करार झालेले खेळाडू अवघे आठ होते. अकरा जणांच्या खेळाला आठ खेळाडू! त्या हंगामात संघ तळाशी राहिला यात नवल नाही. २०१५ साली एक पायरी आणि २०१६ साली आणखी एक पायरी उतरून ब्लॅकपूल पुन्हा चौथ्या श्रेणीत आले.

पाठीराख्यांनी तक्रारी केल्या, सभा भरविल्या, फलक धरले. उत्तरादाखल कित्येकांवर बदनामीचे दावे गुदरण्यात आले. २ मे २०१५ रोजी, म्हणजे त्या सुवर्णदिनाला बरोबर बासष्ट वर्षे झाली त्या तारखेला, हडर्सफील्डविरुद्धचा सामना चालू असताना शेकडो लोक मैदानात उतरले आणि मधल्या वर्तुळात जाऊन बसले. सामना तसाच सोडून द्यावा लागला.

यानंतर पाठीराख्यांपैकी फार मोठ्या वर्गाने एक कठोर निश्चय केला. यापुढे क्लबाला एक पेनीही द्यावयाची नाही! तिकीट नाही, हंगामाचा पास नाही, मैदानावरचा चहासुद्धा नाही. पंढरीचा वारकरी पूर्वी बडव्यांवर रागावला, तरी विठोबावर रुसत नसे. या लोकांचे भांडणही क्लबाशी नव्हते. क्लब ज्यांच्या हाती होता त्यांच्याशी होते. पण येथे अडचण अशी, की देवळाची किल्ली बडव्यांच्या हाती आणि दर्शनाचा पैसाही त्यांच्याच पेटीत पडणार. म्हणून या भक्तांनी दर्शनच सोडले.

हा निर्णय सर्वांना पटला नाही. काहींचे म्हणणे असे, की घरात आई आजारी असताना मुलाने घर सोडून जावे काय? मैदानावर उतरणाऱ्या कोवळ्या खेळाडूंचा यात काय अपराध? रिकाम्या बाकांपुढे त्यांनी कोणत्या उत्साहाने खेळावे? या म्हणण्यातही तथ्य होते. त्यामुळे वर्षानुवर्षे शेजारी बसून सामने पाहणाऱ्या मित्रांत वितुष्ट आले. सुमारे सतरा हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या मैदानावर तीनचार हजार माणसे दिसू लागली. २०१७ साली संघ वेम्ब्लीवर एक्सेटरचा २–१ असा पराभव करून तिसऱ्या श्रेणीत चढला. त्या आनंदाच्या दिवशीही हजारो पाठीराख्यांनी जाण्याचे टाळले. जिंकण्याचा मोह टाळणे हे हरण्यापेक्षा अवघड असते.

आता आपल्या त्या पाठीराख्याकडे वळू. बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. पहिल्या वर्षी शनिवारचे तीन वाजले, की तो घरात येरझारा घाली. मैदानाकडून वाऱ्यावर येणारा आवाज ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घेई आणि थोड्या वेळाने आपणच ती उघडी. पाच वाजता निकाल ऐकताना पूर्वीप्रमाणेच त्याची छाती धडधडे. दुसऱ्या वर्षी शनिवारी तो नातवंडांना घेऊन समुद्रावर जाऊ लागला. तिसऱ्या वर्षी एकदा असे झाले, की परवा आपला संघ हरल्याचे त्याला सोमवारी, दुकानात, दुसऱ्याच्या तोंडून कळले; आणि ते ऐकून आपल्याला काहीच वाटले नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पराभवाचे दुःख त्याने साठ वर्षे सोसले होते. दुःख न होण्याचे हे दुःख मात्र त्याला नवे होते.

या साऱ्या प्रकरणातील खरा धोका हाच होता. बहिष्कार हे एक व्रत आहे. आणि व्रताचा गुण असा, की त्याची सवय होते. प्रेमापोटी जो दूर राहतो आणि प्रेम उरले नाही म्हणून जो दूर राहतो, ते दोघेही बाहेरून सारखेच दिसतात. दोघांचीही खुर्ची रिकामीच असते. इतकेच नव्हे, तर पहिला माणूस दुसरा केव्हा झाला, हे त्याचे त्यालाही कळत नाही. राग आहे तोवर नाते जिवंत आहे असे समजावे. राग निवला आणि त्याच्या जागी उदासीनता आली, म्हणजे नाते संपत आले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. क्लबाचे एक भागीदार, लॅटव्हियाचे व्हालेरी बेलोकोन, यांनी दावा लावला होता. क्लबाचा पैसा गैरवाजवी रीतीने काढून घेतला गेला, असे ठरवून न्यायालयाने ऑयस्टन यांना सुमारे ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंड बेलोकोन यांस देण्याचा हुकूम केला. ती रक्कम पुरी वसूल होईना. तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने क्लबावर रिसीव्हर नेमला आणि ऑयस्टन यांचा अंमल संपला.

मधल्या काळात, जानेवारी २०१८ मध्ये, जिमी आर्मफील्ड यांचे निधन झाले होते. सारी कारकीर्द याच एका क्लबासाठी ६२७ सामने खेळलेला, इंग्लंडचे कर्णधारपद भूषविलेला आणि पुढे नभोवाणीवरून फुटबॉलचे समालोचन करणारा हा ब्लॅकपूलचा सर्वांत लाडका पुरुष. क्लबाची सुटका पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. असे कितीतरी सामान्य वृद्धही त्या वर्षांत कायमचे निघून गेले असतील.

९ मार्च २०१९ रोजी साउथएंडविरुद्ध सामना होता. तिसऱ्या श्रेणीतला, एरवी कोणाच्या लक्षातही न राहणारा सामना. पण त्या दिवशी ब्लूमफील्ड रोडवर साडेपंधरा हजारांहून अधिक लोक लोटले. नारिंगी रंगाने सारे मैदान फुलून गेले. चार वर्षांत न भेटलेले शेजारी एकमेकांना कडकडून भेटले. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. परंतु निकालाची पर्वा त्या दिवशी कोणाला होती?

तथापि ही कथा केवळ गोड शेवटाची आहे असे समजू नये. त्याच वर्षी क्लबाची मालकी सायमन सॅडलर या ब्लॅकपूलमध्येच जन्मलेल्या पाठीराख्याकडे आली. २०२१ साली संघ दुसऱ्या श्रेणीत चढला आणि २०२३ साली पुन्हा खाली उतरला. म्हणजे हरणेजिंकणे पूर्ववत चालू राहिले. पण आपल्या त्या पाठीराख्यासारखे जे कोणी असतील, त्यांचे काय? ते त्या मार्चच्या दिवशी गेले असतील, मित्रांना भेटून त्यांचे डोळेही भरून आले असतील. मात्र गोल झाल्यावर आठ वर्षांच्या मुलाप्रमाणे उसळणारे काळीज सर्वांनाच परत मिळाले असेल, असे म्हणवत नाही. न्यायालय क्लब परत देऊ शकते, पैसाही परत देऊ शकते. आटलेला झरा पुन्हा वाहता करणे त्याच्या हाती नसते.

या हकीकतीचा बोध फुटबॉलपुरताच नाही. आपल्याकडेही गावोगावची वाचनालये, नाट्यसंस्था, तालमी आणि शाळा लोकांच्या अशाच निरपेक्ष प्रेमावर उभ्या राहिल्या. संस्था अडचणीत आली म्हणून खरा हितचिंतक तिला सोडीत नाही. गरिबी तो सोसतो, अपयशही सोसतो. “तुमचे येथे काही काम नाही, वर्गणी द्या आणि गप्प बसा,” असे त्याला जेव्हा जाणवते, तेव्हा तो मनातून उठतो. वार्षिक सभेत कोणी तावातावाने भांडू लागला, की चालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक त्यांनी त्या माणसाला जपावे; कारण त्याला अजून काहीतरी वाटते आहे. चिंता करावी ती सभा शांततेत पार पडू लागली म्हणजे. आणि गेल्या वर्षीचा तो भांडखोर सभासद या वर्षी का आला नाही, हे विचारण्यासाठी कोणीतरी त्याच्या घरी जावे.