कॅमेऱ्याची साक्ष

उभी असलेली मोटार ताशी ३८ मैलांच्या वेगाने धावू शकते काय? प्रश्न वेडगळ वाटेल. परंतु अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहरात २०१२ साली तो खरोखरच उपस्थित झाला. शाळांच्या परिसरातील वेगावर देखरेख ठेवण्यासाठी त्या शहराने स्वयंचलित कॅमेरे बसविले होते. त्यांपैकी एका कॅमेऱ्याच्या आधारे एका गृहस्थाला दंडाची नोटीस आली. मर्यादा २५ मैलांची, नोंदलेला वेग ३८ मैलांचा. पुराव्यादाखल दोन छायाचित्रे होती, आणि एक लहानशी चित्रफीतही होती. त्या चित्रफितीत मोटार लाल दिव्यापाशी स्वस्थ उभी होती. तिचे ब्रेकचे दिवेसुद्धा लागलेले होते! 'द बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राने हे प्रकरण छापले, तेव्हा गावभर त्याची चर्चा झाली.

अशा वेळी यंत्राला हसणे सोपे असते. पण त्या गृहस्थाचा बचाव कशामुळे झाला, हे पाहण्यासारखे आहे. पुरावा त्याला पाहावयास मिळाला, आणि त्याने तो पाहिला, यामुळे झाला. नोटीस मिळालेली बहुतेक माणसे दंडाच्या आकड्यापलीकडे काही वाचीत नाहीत. त्या वेळी हा दंड चाळीस डॉलरचा होता. एवढ्यासाठी कामाचा दिवस बुडवून न्यायालयाची पायरी कोण चढणार?

दंड इतका हलका ठेवण्यामागेही एक कारण होते. कॅमेऱ्याला मोटारीच्या क्रमांकाची पाटी दिसते. चालविणारा कोण, हे तो सांगू शकत नाही. म्हणून मेरीलँडच्या कायद्याने जबाबदारी वाहनाच्या मालकावर टाकली, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काही सवलती दिल्या. हा दंड परवान्यावर डाग म्हणून नोंदविला जात नाही, आणि विम्याचा हप्ता वाढविण्यासाठीही त्याचा उपयोग करता येत नाही. परिसरात कॅमेरा असल्याची पाटी हवी. राज्यातील वाहन असल्यास नोटीस दोन आठवड्यांच्या आत धाडली पाहिजे. यंत्राची दररोजची स्वयंतपासणी नोंदवहीत टिपलेली असावी, आणि वर्षातून एकदा त्रयस्थ प्रयोगशाळेने त्याचे मोजमाप पारखलेले असावे. मोटार चोरीस गेली होती, असे मालकाला पोलिसांकडील नोंदीनिशी दाखविता येते. अथवा आपण चालवीत नव्हतो, असे शपथपूर्वक पत्र न्यायालयाकडे धाडता येते. आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा हक्क म्हणजे यंत्र हाताळणाऱ्याला साक्षीसाठी बोलाविण्याचा. सुनावणीपूर्वी वीस दिवस तशी लेखी सूचना मात्र द्यावी लागते. यंत्राची उलटतपासणी करता येत नाही. ते हाताळणाऱ्या माणसाची करता येते.

पोलीस अधिकाऱ्याने पाहून सही केल्याखेरीज अशी नोटीस निघू नये, असाही तेथे दंडक आहे. पण त्याच शहरात २०११ साली असे उघडकीस आले, की लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांच्या सुमारे दोन हजार नोटिसांवर एका दिवंगत अधिकाऱ्याची सही होती. ती सहीदेखील यंत्रानेच उमटविलेली होती, हे सांगावयास नको.

छायाचित्रांची पडताळणी कशी करावी, हे थोडक्यात सांगतो. ताशी ३८ मैल म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर, अर्थात सेकंदाला सतरा मीटर. समजा, दोन छायाचित्रांत अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे. तर त्या अवधीत मोटार साडेआठ मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट, पुढे गेलेली दिसली पाहिजे. रस्त्यावरील पट्टे, दिव्याचा खांब, कडेचे झाड यांवरून हे अंतर कोणालाही अजमावता येते. त्याला गणिती असण्याची गरज नाही.

बाल्टिमोरमधील चूक एकट्यादुकट्याची नव्हती. २०१२ सालच्या नोटिसांची जी तपासणी शहराने करवून घेतली, तिच्यात चुकीचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक आढळले. हा अहवाल लोकांपुढे आला तो मात्र २०१४ मध्ये, आणि तोही वृत्तपत्रामुळे. तत्पूर्वीच, एप्रिल २०१३ मध्ये, सारे कॅमेरे बंद करावे लागले होते. ते नव्याने सुरू झाले २०१७ साली. मधल्या चार वर्षांत शाळांपुढचे ते रस्ते कॅमेऱ्यांविना राहिले. ज्या मुलांसाठी हा खटाटोप केला, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली. वाहनचालकाची हरकत म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेत आडकाठी, असे ज्यांना वाटते, त्यांनी ही चार वर्षे ध्यानात घ्यावीत. चुकीच्या नोटिसांवरील हरकती वेळीच ऐकल्या असत्या, तर कदाचित सदोष यंत्रे तेवढी काढून बाकीची राखता आली असती.

आता आपल्याकडे वळू. वेगाच्या गुन्ह्यात केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणासही दोषी ठरवू नये, तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असावा, असे मोटार वाहन कायद्याचे १८३ वे कलम सांगते. म्हणजे आपल्या कायद्याने माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्रावर अधिक विश्वास टाकलेला आहे. हा विश्वास आंधळा राहू नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम घालण्यात आला. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे, आणि ते दरवर्षी नवे करून घेतले पाहिजे. कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर ठळकपणे लावलेली हवी. नोटीस पंधरा दिवसांच्या आत निघावी. तिच्यासोबत क्रमांकाची पाटी स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने केलेली मोजणी, दिनांक, वेळ, स्थळ आणि मोडलेले कलम असावे, असे त्या नियमाने ठरविले. आपल्याकडेही पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव-पत्ता सांगणे मालकावर बंधनकारक आहे. मोटार भाच्याने नेली होती, एवढे सांगून भागत नाही.

शाळेपुढच्या रस्त्यासंबंधी आणखी एक गोष्ट. ११२ व्या कलमानुसार राज्य शासनाला विशिष्ट रस्त्यावरील वेग कमी करता येतो. पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढून योग्य ती पाटी उभारावी लागते. म्हणून नोटीस आल्यास एकदा त्या जागी जाऊन यावे. पाटी झाडाच्या फांदीआड गेलेली असेल, तर तिचे छायाचित्र त्याच दिवशी घेऊन ठेवावे. कारण आपली हरकत सुनावणीस येईपर्यंत ती फांदी कोणीतरी छाटून टाकलेली असते.