मध्यान्हीं कामाचा शोध

माणूस चाळिशी ओलांडतो, तेव्हां त्याच्या पोटाचा प्रश्न बहुधा मार्गीं लागलेला असतो. परंतु त्याच सुमारास दुसरा एक प्रश्न डोकें वर काढतो. मी दिवसभर राबतों, तें कशासाठीं? हा प्रश्न कोणालाही पडावा असाच आहे. पण भाविकाला तो अधिक बोचतो. आयुष्य ही ईश्वराची ठेव आहे अशी त्याची श्रद्धा असते, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो, हें तो विसरूं शकत नाहीं. माझे जुने विद्यार्थी कधींमधीं घरीं येतात. त्यांचे केस आतां पिकूं लागले आहेत. कोणी कचेरींत आहे, कोणी पेढीवर. त्यांचें म्हणणें एकच असतें : ‘गुरुजी, सारें सोडून कांहीं सत्कार्य करावेंसें वाटतें, पण मुलांचीं शिक्षणें अजून व्हावयाचीं आहेत.’

आपल्या संतांच्या चरित्रांतून या प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळतें तें असें कीं, काम बदलण्यापूर्वीं दृष्टि बदलून पाहावी. अरणच्या सावता माळ्यांनीं आपला मळा सोडला नाहीं. देवच त्यांच्या मळ्यांत आला, असें परंपरा सांगते. तेरच्या गोरोबांचें चाकही फिरतच राहिलें. मग कचेरीच्या दारीं ताटकळणाऱ्या खेडुताचा कागद त्याच दिवशीं हातावेगळा करणारा कारकून हलकें काम करतो, असें कोणीं म्हणावें?

परंतु या उत्तरानें सर्वांचें समाधान होत नाहीं, व तें व्हावें असा आग्रहही धरूं नये. कित्येकांना खरोखरीच दुसरीकडून बोलावणें असतें. अशांनीं डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचें चरित्र अवश्य वाचावें. १८७५ सालीं आल्सेस प्रांतांत जन्मलेले हे गृहस्थ धर्मशास्त्राचे अध्यापक व नामांकित ऑर्गनवादक होते. १९०५ सालीं, वयाच्या ३० व्या वर्षीं, ते वैद्यकाचे विद्यार्थी होऊन पुन्हां बाकावर बसले. आणि १९१३ सालीं, ३८ व्या वर्षीं, आफ्रिकेंतील लांबारेने येथें गेले. कोंबड्यांच्या एका जुन्या खुराड्यांत त्यांनीं आपला पहिला दवाखाना थाटला.

या चरित्रांतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, अंतःकरणांत हाक उठतांच ते धांवत सुटले नाहींत; आधीं कित्येक वर्षें शिकले. नुसत्या तळमळीनें रोग्याचा ताप उतरत नाहीं. दुसरी, त्यांच्या पत्नी हेलेने यांनींही परिचारिकेचें शिक्षण घेतलें होतें. घरच्यांच्या संमतीवांचून केलेला त्याग हा पुष्कळदां दुसऱ्याच्या माथीं मारलेला भार असतो. तिसरी गोष्ट, त्यांचें पूर्वायुष्य वायां गेलें नाहीं. पुढें रुग्णालयासाठीं पैसा हवा असे, तेव्हां युरोपांत ऑर्गनवादनाचे जलसे करून ते तो मिळवीत. जुनें कौशल्य नव्या कामाचें पोट भरीत होतें.

आणखी एक गोष्ट सांगतों. त्यांचीं धर्ममतें मिशनच्या चालकांना रुचणारीं नव्हतीं. तेव्हां उपदेश न करतां केवळ औषधोपचार करण्याचें त्यांनीं आरंभीं मान्य केलें. त्यांची श्रद्धा तेथें हातांच्या द्वारें प्रकट झाली.

‘आतां वय झालें’ असें म्हणणाऱ्यांनीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें स्मरण करावें. पंचावन्नीच्या सुमारास, १९१७ सालीं, त्यांनीं मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

तेव्हां ज्यांच्या मनांत हा शोध चालू आहे, त्यांना माझें सांगणें इतकेंच. राजीनामा लिहिण्यापूर्वीं एक वर्ष आठवड्यांतले दोन तास काढा. आजाऱ्यापाशीं बसा, नापास झालेल्या पोराला गणित शिकवा, निरक्षराचें पत्र लिहून द्या. त्यांत कोणी वाहवा करणार नाहीं, कोणी आभारही मानणार नाहीं. तरीसुद्धां वर्षअखेर तुमची पावलें तिकडेच वळत असतील, तर घरांतल्या माणसांना जवळ बसवून पुढचा विचार करा. आणि तीं न वळल्यास खंत करूं नका. तुमच्या मेजावर उद्यां सकाळीं कोणा गरजवंताचा कागद येणारच आहे.